ऑब्जेक्ट म्हणजे रेकॉर्ड नव्हे, रेकॉर्डची झेरॉक्स

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांसाठी जो लेख आला होता त्यावरून हे पत्र लिहितोय. लेख चांगला होता, भाषा सोपी, वाचून पोरं घाबरणार नाहीत अशी, त्याबद्दल लेखकाचे आभारच. पण मधेच एक वाक्य आलंय की डेटाबेसमधली प्रत्येक नोंद म्हणजे प्रोग्राममधला एक ऑब्जेक्ट असतो, हे रूपांतर ओआरएम नावाची लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) आपोआप करते आणि त्यामुळे हल्ली एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, शिकायची गरज उरलेली नाही. तिथे मी पेपर खाली ठेवला. सतरा वर्षं मी डेटाबेस आणि प्रोग्राम यांच्या मधल्या फटीत बसून काम करतोय आणि माझ्या जागून काढलेल्या निम्म्या रात्री याच वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची देणगी आहेत (त्यात सुरवातीची दोन-तीन वर्षं मी स्वतःही आलो). म्हणून जरा सविस्तर लिहितो, जागा नसेल तर कापा, हरकत नाही.

ज्यांना या भानगडीतलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे एक मोठं रजिस्टर समजा, उभे रकाने ठरलेले, आडवी एकेक ओळ म्हणजे एकेक नोंद. ग्राहकांचं एक रजिस्टर, ऑर्डरींचं दुसरं, आणि ऑर्डरच्या ओळीत ग्राहकाचं नाव नसतं, फक्त त्याचा नंबर असतो, नाव पाहिजे तर तो नंबर घेऊन ग्राहकांच्या रजिस्टरमध्ये जायचं. प्रोग्राममधल्या ऑब्जेक्टचं तसं नाही. त्याच्याकडे स्वतःची माहिती असते, त्या माहितीचं काय करायचं ते पण त्यालाच माहीत असतं, आणि ऑर्डर थेट आपल्या ग्राहकाचा हात धरून उभी असते, नंबर-बिंबर काही नाही, ऑर्डर टिंब ग्राहक टिंब नाव असं लिहिलं की नाव हातात. ओआरएम म्हणजे ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपर, जो या ओळीचा ऑब्जेक्ट करून देतो आणि तुम्ही ऑब्जेक्टमध्ये बदल केलात की तो परत ओळीत नेऊन लिहितो.

ही दोन पोरं मुळात दोन वेगळ्या घरात वाढलेली. ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेतल्या डाल आणि नायगार्ड यांच्या सिम्युला ६७ मधली, ती भाषाच मुळी सिम्युलेशनसाठी जन्मली. तिकडे आयबीएममध्ये एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला, त्याचा पाया सगळा गणितातला, सेट आणि रिलेशन, त्यात ऑब्जेक्टचा मागमूस नाही. पुढे १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर भाषा केली, तीच आजची एसक्यूएल. दोन्ही कल्पना जिंकल्या, आणि तिथेच घोळ झाला, कारण जगभरचा डेटा रिलेशनल टेबलांत जाऊन बसला आणि प्रोग्राम सगळे ऑब्जेक्टमध्ये लिहायला लागले. या न जुळण्याला इंजिनियर लोक इम्पीडन्स मिसमॅच म्हणतात, शब्द इलेक्ट्रिकलवाल्यांकडून उसना आणलाय. नव्वदच्या दशकात ऑब्जेक्टच थेट साठवणारे डेटाबेस पण आले होते, मोठी हवा झाली होती, पण टेबलं काही हलली नाहीत. मग मधे दुभाष्या बसवायचा हाच मार्ग उरला. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत २००१ ला हायबरनेट नावाचं ओआरएम आलं, रूबी भाषेत २००४ ला रेल्स या वेबसाइट बनवायच्या सांगाड्याबरोबर ॲक्टिव्ह रेकॉर्ड, पायथन भाषेत २००५ ला तसाच सांगाडा जँगो आणि पुढच्याच वर्षी एसक्यूएलअल्केमी, मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क २००८ ला. आणि मजा म्हणजे २००६ मध्येच टेड न्यूवर्ड या प्रोग्रामर-लेखकाने या सगळ्या प्रकाराला कॉम्प्युटर सायन्सचं व्हिएतनाम म्हणून ठेवलं होतं, म्हणजे आत शिरताना सोपं, पुढे गेलात की अडकलात.

मी ओआरएमच्या विरोधात नाहीये हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर लोक माझ्यावर तुटून पडतील. ओआरएमशिवाय काम चालायचं ते दिवस मी पाहिलेत. चाळीस कॉलमचं टेबल, प्रत्येक कॉलम हाताने वाचून ऑब्जेक्टमध्ये भरायचा, आणि तो पण नंबरने, म्हणजे सातवा कॉलम पत्ता, आठवा फोन. कोणीतरी मधे एक कॉलम घुसवला की पत्त्याच्या जागी फोन आणि फोनच्या जागी जन्मतारीख. वर लोक एसक्यूएल वाक्याला युजरने टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवायचे, त्यातून इंजेक्शनचे हल्ले व्हायचे, म्हणजे कोणीतरी त्या मजकुरातच एसक्यूएलचा हुकूम घुसवायचा. ओआरएम ती व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवतं, हा एकच उपकार एवढा मोठा आहे की बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. माझ्या आजच्या कामातलं बरंचसं ओआरएममधूनच जातं. पण वापरणं वेगळं आणि "आता खालचं बघायची गरज नाही" म्हणणं वेगळं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑब्जेक्ट म्हणजे रेकॉर्ड नव्हे, ती रेकॉर्डची झेरॉक्स आहे. अमुक वाजून तमुक मिनिटांनी त्या ओळीत जे होतं त्याची कॉपी. झेरॉक्स काढून तुम्ही टेबलावर ठेवलीत, मूळ रजिस्टर तिकडे उघडंच आहे, त्यात दुसरा कोणी लिहितोय, आणि तुमच्या झेरॉक्सला त्याचा पत्ता नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मी ज्या टीममध्ये होतो तिथे ग्राहकांची माहिती दुरुस्त करणारं एक स्क्रीन होतं आणि दोन वेगळ्या खोल्यांमधली माणसं ते वापरायची. तक्रार अशी यायची की "आम्ही पत्ता बदलतो आणि तो आपोआप जुना होतो." आपोआप म्हटलं की आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही, युजरनेच काहीतरी केलं असणार म्हणून आम्ही दोन महिने टोलवलं. शेवटी एक दिवस लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केलं याची नोंद, उघडून बसलो. अकरा वाजून चार मिनिटांनी एका बाईंनी ग्राहक नंबर ४२ उघडला, पत्ता बदलायला. अकरा-पाचला दुसऱ्या खोलीतल्या माणसाने तोच ४२ उघडला, त्याला फोन बदलायचा होता. बाईंनी नवीन पत्ता सेव्ह केला, बरोबर गेला. मग त्या माणसाने नवीन फोन सेव्ह केला, पण त्याच्या झेरॉक्समध्ये पत्ता जुनाच होता ना, आणि आमचं ओआरएम सेव्ह करताना बदललेला एक कॉलम लिहीत नव्हतं, ओळीतले सगळेच्या सगळे कॉलम परत लिहीत होतं. फोन नवा झाला आणि पत्ता जुना झाला. एरर नाही, वॉर्निंग नाही, दोघांच्याही स्क्रीनवर हिरव्या अक्षरात यशस्वी. त्या बाई दोन महिने खरं बोलत होत्या.

आणि हे काही आमच्याच ओआरएमचं वेड नव्हतं. जँगोत साधं सेव्ह म्हटलं की आधीपासून असलेल्या ओळीचे सगळे फिल्ड लिहिले जातात, कुठले लिहायचे ते वेगळं सांगावं लागतं. हायबरनेटसुद्धा तुम्ही मुद्दाम सेटिंग बदललं नाही तर अपडेटमध्ये सगळे कॉलम घालतं. रेल्स बदललेले तेवढेच लिहितं, पण दोघांनी एकच कॉलम बदलला तर तिथेही नंतरचा जिंकतो. यावर औषध जुनं आणि साधं आहे, टेबलमध्ये व्हर्जन नावाचा एक कॉलम ठेवायचा, वाचताना समजा ७ होता तर लिहिताना म्हणायचं की नंबर ४२ आणि व्हर्जन ७ असेल तरच बदल कर आणि व्हर्जन ८ कर. मधे कोणी लिहून गेलं असेल तर व्हर्जन आधीच ८ झालेलं असतं, एकही ओळ बदलली जात नाही, आणि मग युजरला सांगता येतं की बाबा रे पान शिळं झालंय, परत उघड. बहुतेक ओआरएममध्ये याची सोय असते पण ती कोणी आपणहून चालू करून देत नाही, आणि ज्याला ऑब्जेक्ट म्हणजेच रेकॉर्ड वाटतो तो ती शोधायला जाणारच नाही.

साठ्याचं पण तेच. दहा नग शिल्लक, दोन प्रोसेस एकाच वेळी दहा वाचतात, दोघी आपापल्या ऑब्जेक्टमध्ये एक वजा करतात, दोघी नऊ लिहितात. विकले दोन, कमी झाला एक. इथे ऑब्जेक्टमध्ये वजाबाकी करायचीच नाही, डेटाबेसलाच सांगायचं की साठा बरोबर साठा वजा एक, आणि साठा शून्याच्या वर असेल तरच. एका ओळीचं एसक्यूएल. पण ते सुचायला एसक्यूएल नावाचं काही असतं हे माहीत पाहिजे.

आता त्या टिंबाबद्दल, ज्याने माझी सगळ्यात जास्त झोप घालवली. ऑर्डर टिंब ग्राहक टिंब नाव. दिसायला किती निरागस. पण ऑर्डरच्या झेरॉक्समध्ये ग्राहक नसतोच, फक्त त्याचा नंबर असतो, तेव्हा तुम्ही टिंब दिलंत की ओआरएम गुपचूप उठून डेटाबेसकडे जातं, ग्राहक आणतं आणि जणू तो इथेच होता असं दाखवतं. याला लेझी लोडिंग म्हणतात. एका ऑर्डरसाठी ठीक आहे. पण आमचं एक पान होतं, दिवसभराच्या ऑर्डरींची यादी, प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव आणि खाली त्यातल्या वस्तू. ज्या मुलाने लिहिलं त्याच्या लॅपटॉपवर पाच ऑर्डरी होत्या, पान चटकन उघडायचं, सगळ्यांनी पास केलं. खऱ्या जागी दोनशे ऑर्डरी. मी क्वेरी लॉग (डेटाबेसकडे गेलेल्या प्रत्येक क्वेरीची, म्हणजे मागणीची नोंद) चालू केला आणि पान रिफ्रेश केलं तर स्क्रीनवरून अक्षरशः धबधबा सुरू झाला, तीच ओळ, तेच सिलेक्ट, फक्त शेवटचा नंबर बदलतोय, थांबायचं नाव नाही. नंतर मोजल्या. यादीची एक क्वेरी, ग्राहकांच्या दोनशे, प्रत्येक ऑर्डरच्या वस्तूंच्या दोनशे, आणि प्रत्येक ऑर्डरमध्ये सरासरी सहा वस्तू, त्या प्रत्येकीचं नाव आणायला बाराशे. एकूण सोळाशे एक. एकेक क्वेरी दोन मिलिसेकंदात होत होती, म्हणजे डेटाबेस काही आजारी नव्हता, स्लो क्वेरीच्या रिपोर्टमध्ये यातली एकही दिसत नव्हती, कारण एकटी कोणीच स्लो नव्हती! पण सोळाशे एक गुणिले दोन म्हणजे तीन सेकंदांच्या वर नुसती ये-जा.

कोडमध्ये बघाल तर लूपच्या आत एक लूप आणि तीन टिंबं, बाकी काही नाही. रिव्ह्यूमध्ये मी स्वतः ते पास केलं होतं. दुरुस्ती पण तेवढीच छोटी, ओआरएमला आधीच सांगायचं की ऑर्डरींबरोबर ग्राहक, वस्तू आणि वस्तूंची नावं पण एकगठ्ठा आण. जँगोत त्यासाठी सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड आहे, रेल्समध्ये इन्क्लूड्स, हायबरनेटमध्ये जॉइन फेच. सोळाशे एकच्या चार क्वेऱ्या झाल्या. त्यातही एक मेख आहे, उत्साहाच्या भरात सगळंच एका जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं जोडणाऱ्या एकाच क्वेरीत, कोंबलं आणि एका ऑर्डरच्या वस्तू सहा आणि पेमेंटचे हप्ते तीन असतील तर त्या एका ऑर्डरच्या अठरा ओळी येतात, प्रत्येक वस्तू प्रत्येक हप्त्याबरोबर, मग ओआरएम बसतं त्या निवडत. आणि कोणी त्या ओळींवरूनच हप्त्यांची बेरीज घेतली तर ती सहापट येते. हे पण पाहिलंय. तेव्हा कुठे जॉइन आणि कुठे दोन वेगळ्या क्वेऱ्या हे ठरवायला परत एसक्यूएलच समजावं लागतं, पळवाट नाही.

आणखी एक गोष्ट जी लोकांना खोटी वाटते. टेबलमध्ये सवलत नावाचा कॉलम आहे, काही ओळींत ५, काहींत १०, काहींत काहीच भरलेलं नाही, म्हणजे नल. आता "सवलत ५ नाही" अशा ओळी एसक्यूएलने मागा, दहावाल्या येतील पण रिकाम्या येणार नाहीत, कारण नल म्हणजे माहीत नाही, आणि जे माहीतच नाही ते ५ आहे की नाही याचं उत्तर डेटाबेस हो पण देत नाही आणि नाही पण देत नाही. त्याच सगळ्या ओळी ऑब्जेक्ट करून पायथनमध्ये आणा आणि तिथे तीच अट लावा, रिकाम्या पण येतील, कारण पायथनच्या दृष्टीने नन (None, म्हणजे त्यांचं नल) आणि ५ सरळ सरळ वेगळे. तोच डेटा, तीच अट, दोन आकडे. आमच्याकडे दोन रिपोर्ट यावरून आठवडाभर भांडत होते, आणि दोन्ही लिहिणारे आपापल्या जागी बरोबर.

नंबरांचं तर विचारूच नका. डेटाबेसमध्ये आयडी बऱ्याचदा ६४ बिटांचा असतो, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट भाषेचा साधा नंबर मात्र ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक नेमके धरतो. त्याच्या पुढचा ९००७१९९२५४७४०९९३ त्याला द्या, तो शांतपणे ९००७१९९२५४७४०९९२ करून ठेवतो. एक आकडा इकडे तिकडे, दुसऱ्याच माणसाचं रेकॉर्ड. ट्विटरला २०१० मध्ये हाच प्रश्न आला म्हणून त्यांनी आयडी नंबरबरोबर स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनही द्यायला सुरवात केली.

सोय कुठे अंगाशी येते याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मार्च २०१२ मधलं गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं. रेल्समध्ये तेव्हा फॉर्ममधून आलेलं सगळं एका ओळीत ऑब्जेक्टमध्ये ओतायची पद्धत होती, नाव, ईमेल, जे येईल ते. फॉर्मवर नसलेलं फिल्डसुद्धा कोणी हाताने पाठवलं तर तेही ओतलं जायचं. एगोर होमाकोव या मुलाने हे आधी रेल्सवाल्यांना सांगितलं, त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, मग त्याने गिटहबवर दुसऱ्याच्या खात्याला आपली की (प्रवेशाची किल्ली) जोडून खुद्द रेल्सच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कमिट (बदल जमा) करून दाखवला. पुढे रेल्स ४ मध्ये कुठली फिल्ड आत घ्यायची ते आधी सांगणं सक्तीचं झालं. त्या दिवसात आमच्याकडे पण सगळ्यांनी घाईघाईने आपापला कोड उघडला होता, आणि काय सापडलं ते इथे लिहीत नाही.

इनहेरिटन्सबद्दल (ऑब्जेक्टच्या एका साच्यातून, म्हणजे क्लासमधून, दुसरा काढणं) लिहायला बसलो तर तुमचं अख्खं पान जाईल. एवढंच सांगतो की वाहन, त्यातून गाडी आणि ट्रक असं क्लासमध्ये सुंदर दिसतं, टेबलात मात्र सगळे एकाच टेबलात कोंबून निम्मे कॉलम रिकामे ठेवा, किंवा प्रत्येक थराचं वेगळं टेबल करून दर वेळी जॉइन करा, किंवा प्रत्येक प्रकाराचं पूर्ण स्वतंत्र टेबल ठेवा आणि "सगळी वाहनं दाखव" म्हटल्यावर रडा. मी शक्यतो पहिलं करतो आणि त्याबद्दल शिव्या खातो.

यावर काही जण म्हणतात मग ओआरएम फेकूनच द्या. एका प्रोजेक्टवर आम्ही ते पण केलं. सहा महिन्यांत ओळीवरून ऑब्जेक्ट करणारं फंक्शन लिहिलं, मग बदल लक्षात ठेवणारं, मग संबंध आणणारं, आणि वर्षभराने बघतो तर घरीच एक ओआरएम तयार झालेलं, फक्त त्याचं डॉक्युमेंटेशन नाही आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. मधली वाट आहे. क्वेरी तुम्ही लिहायची आणि आलेल्या ओळी ऑब्जेक्टमध्ये भरायचं कंटाळवाणं काम तेवढं लायब्ररीने करायचं, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवाल्यांनी डॅपर नावाची लायब्ररी याच कल्पनेवर केली, आणि मोठ्या ओआरएममध्येही हाताने लिहिलेलं एसक्यूएल चालतंच की. मी नेहमीची चार कामं, म्हणजे एक ओळ आण, नवीन घाल, बदल, काढ, ही ओआरएमवर सोडतो आणि रिपोर्ट, बेरजा, एकदम हजारो ओळी बदलणं याला स्वतः एसक्यूएल लिहितो. दहा हजार ओळींत एक कॉलम बदलायला दहा हजार ऑब्जेक्ट मेमरीत आणून एकेकावर सेव्ह म्हणणारा कोड मी आजही महिन्यातून एकदा तरी बघतो. दर वेळी नव्या माणसाचा.

तेव्हा विनंती अशी की लेखमालेचा पुढचा भाग येईल त्यात ते वाक्य दुरुस्त करा, आणि जमलं तर मुलांना एवढं सांगा की ओआरएम वापरायला लागलात की पहिल्याच दिवशी क्वेरी लॉग चालू करा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. रेल्स डेव्हलपमेंटमध्ये स्वतःच दाखवतं, एसक्यूएलअल्केमीत इंजिन करताना एको चालू करायचा, हायबरनेटला शो एसक्यूएल, जँगोत लॉगिंगच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा लॉगर डीबगवर. पाच मिनिटांचं काम.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली, हुशार आहे, ओआरएम सफाईने वापरते, एसक्यूएल कधी लिहिलेलं नाही. तिला म्हटलं बाकी काही करू नकोस, लॉग चालू कर आणि तू काल केलेलं पान उघड. तिने उघडलं. बराच वेळ स्क्रीन वर सरकत राहिलं, ती गप्प, मी गप्प. थांबल्यावर तिने खालून वर मोजायला सुरवात केली, तीनशेच्या आसपास सोडून दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे सगळं मी मागवलंय?"

हो म्हटलं.

आपला,
डेटाबेसवाला एक जुना वाचक